झोपेत की जागेपणी

सोनियानं कंगव्याच्या टोकानं श्रेयाच्या केसांत भांग पाडला, उघड्या पडलेल्या जागेवर पांढरी पेस्ट लावली आणि वाटाण्याएवढी चकती दाबून धरली. अशा एकवीस चकत्या लावायच्या होत्या. प्रत्येकीतून एक बारीक वायर निघत होती. सगळ्या वायरी मानेमागं एकत्र बांधून पलंगाशेजारच्या, मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या यंत्राला जोडायच्या होत्या.

"दुखत नाही ना गं?"

"नाही. खाज येते."

"खाजवायचं नाही. दोन दिवस कळ काढायची." सोनिया दवाखान्यातली तंत्रज्ञ होती. तिला या कामाची सवय होती, बोलता बोलता तिनं पुढची चकती उचललीही.

श्रेयानं समोरच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडं पाहिलं. "मी झोपले तरी हा चालू राहणार?"

"चालूच राहणार."

"बरं झालं. कळेल सगळ्यांना," श्रेया म्हणाली, "मी नाटक करते की नाही ते."

श्रेयाच्या आईनं, तनुजानं, हातातल्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिताच परत लावलं. नाटक हा शब्द तिनंही एकदा वापरला होता.

सहा महिन्यांपूर्वी हे सुरू झालं. चौदा वर्षांची मुलगी झोपेतून एकदम किंचाळायची, हात झाडायची, सायकल चालवल्यासारखे पाय मारायची. कधी तोंडातून अशी शिवी निघायची की ती या पोरीनं कुठं ऐकली असेल हेच तनुजाला कळायचं नाही. अर्ध्या मिनिटात सगळं थांबायचं. "काय झालं गं?" विचारलं तर श्रेया म्हणायची, "भीती वाटली." कशाची, ते तिला सांगता येत नसे. शाळेच्या बसमध्ये एकदा डुलकी लागली असताना तिचा हात शेजारच्या मुलीच्या ओठावर बसला. त्यानंतर तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. दिवसाही ती अचानक भडकायची. वर्गात एकदा तिनं कंपासपेटी फळ्यावर भिरकावली आणि नंतर स्वतःच रडत बसली. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, घरात वडील नाहीत, मुली असं लक्ष वेधून घेतात. तनुजा स्वतः सिडकोतल्या एका शाळेत प्राथमिकची शिक्षिका होती. तिला ते पटलं होतं. पटलं म्हणूनच एका पहाटे तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "पुरे झालं आता नाटक."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर अमृतांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. श्रेया वायरींसकट पलंगावरच, सोनियाबरोबर बसली होती. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला.

"तीन झटके मिळाले. बघवेल ना?"

तनुजानं मान हलवली.

पडद्यावर श्रेया कुशीवर झोपली होती. एकाएकी तिचे डोळे उघडले. डावा हात ताठ होऊन वर गेला, मूठ वळली आणि बाजूला जोरात आदळली. चेहरा वाकडा झाला. घशातून 'हां, हां, हां' असा आवाज येऊ लागला आणि मग पाय सुटले. थोड्या वेळानं ती थांबली, इकडंतिकडं बघून तिनं पांघरूण ओढून घेतलं.

"चौतीस सेकंद," डॉक्टर म्हणाल्या. "आता दुसरा बघा. आधी डावा हात, मग तोंड, मग पाय. तोच क्रम. नाटक करणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं करतो. ही दर वेळी तेच करते."

"म्हणजे काय आहे हे?"

"फिट आहे. फिट म्हटलं की लोकांना तोंडाला आलेला फेस आठवतो. ही तशी नाही. कपाळामागं मेंदूचा जो भाग आहे, तो हालचाल चालवतो. राग, भीती, तोंडात येणारा शब्द, हे आवरून धरायचं कामही त्याचंच. झटका तिथून सुरू झाला की हातपाय सुटतात आणि आवरणारं कुणी उरत नाही. डोळे उघडे असतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं माणूस जागा आहे, मुद्दाम करतोय."

"दिवसा चिडते, तेही यानंच?"

"काही यानं, काही झोपमोडीनं. आणि काही तिचं स्वतःचं, चौदा वर्षांची आहे ती." डॉक्टर किंचित हसल्या. "गोळ्यांनी बराच फरक पडतो. घरात आणखी कुणाला असं होतं? तुमच्याकडं, तिच्या वडिलांकडं?"

"नाही," तनुजा म्हणाली.

डॉक्टरांनी तिसरी फीत लावली. पुन्हा डावा हात ताठ झाला, मूठ वळली. ती आदळायच्या आतच तनुजाचा हात आपल्या गालावर गेला आणि तिथंच राहिला.

ही मूठ तिला पाठ होती. हा आवाजही.

गोकुळ तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. पाळीहून आला की जेवायचा, दोन शब्द बोलायचा आणि झोपायचा. दारू त्यानं कधी तोंडाला लावली नाही. दिवसा त्याचा आवाजही चढत नसे. आणि झोपेत तिच्या गालावर, खांद्यावर, एकदा ओठावर त्याची मूठ बसायची. सकाळी वळ बघून तो विचारायचा, "हे कशानं झालं?" सुरुवातीला तिला वाटायचं तो ढोंग करतो. मग तिनं नीट बघितलं. तो घोरत असायचा आणि घोरता घोरता ते सुरू व्हायचं. तो झोपेत असतो हे तिला कळलं होतं. तरी तिची भीती कमी झाली नव्हती.

श्रेया अडीच वर्षांची असताना पलंगाच्या कडेला, त्याच्या शेजारी झोपली होती. त्याचा हात बसला, मूल पलंगावरून खाली पडलं आणि भुवईवर तीन टाके पडले. तनुजाचे वडील, बद्रीनाथ, दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. समुपदेशन केंद्रात टेबलामागच्या बाईंनी पेन थांबवून विचारलं होतं, "झोपेत मारतो म्हणजे? झोपेतलं आम्ही काय लिहायचं? नीट सांगा, जागा होता का?"

झोपेत म्हटलं तर परत पाठवतील, हे तिला दिसत होतं. वडील तिच्याकडं बघत होते. ती म्हणाली होती, "जागे होते."

समोर बसलेल्या गोकुळनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं होतं. रागानं नव्हे. तिला काहीतरी माहीत आहे आणि आपल्याला नाही, अशा नजरेनं. मग त्यानं बाईंना सांगितलं होतं, "ती खोटं बोलत नसती. मारलं असंल मी." घटस्फोटाच्या कागदावरही त्यानं न वाचता सही केली आणि मुलीला भेटायचा हक्क मागितला नाही.

"तिच्या वडिलांना होतं," तनुजा डॉक्टरांना म्हणाली. गालावरचा हात तिनं मांडीवर ठेवला.

"होतं की आहे?"

"माहीत नाही. अकरा वर्षं झाली वेगळं होऊन."

"त्यांना आणता येईल का? काही घरांत हे पुढच्या पिढीत उतरतं. त्यांनाही औषध मिळायला हवं. पण येताना त्यांचा झटका डोळ्यांनी पाहिलेलं माणूस सोबत लागेल. तुम्ही पाहिलाय ना?"

"पाहिलाय."

रविवारी सकाळी ती कन्नडच्या बसमध्ये बसली. गोकुळ आता तिथं पाण्याच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देतो, एवढं तिनं त्याच्या एका जुन्या सोबत्याकडून कळून घेतलं होतं. दुकान सापडायला वेळ लागला नाही. दारात जळक्या मोटारी ओळीनं ठेवल्या होत्या. आत तो खाली मान घालून तांब्याची तार गुंडाळत होता आणि त्याची आई, सरूबाई, स्टुलावर बसून त्याचा डबा उघडत होती.

त्यानं तिला पाहिलं, उठला आणि आधी एक पाऊल मागं सरकला.

"पोरगी बरी हाय ना?"

"घरी आहे. दवाखान्यातून आणलीये परवा."

"काय झालं तिला?"

तनुजानं पर्समधून मोबाइल काढला. डॉक्टरांनी एक फीत तिला पाठवली होती. "हे बघा," ती म्हणाली आणि मोबाइल त्याच्या हातात न देता बाकावर ठेवला.

गोकुळनं हात पुसून तो उचलला. वायरींनी बांधलेल्या डोक्याची मुलगी, उघडे डोळे, वर गेलेली मूठ. "हे कोन?" त्यानं विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच त्याला कळलं. मुलीचं तोंड तो अकरा वर्षांनी बघत होता.

सरूबाईंनी वाकून पडद्याकडं पाहिलं आणि हातातलं झाकण खाली पडलं. "आगं माय. हे तर गोकुळचं."

"तुम्हाला माहीत होतं, आई?"

"लहानपणी व्हायचं त्याला. आम्ही अंगारा लावला, ताईत बांधला. मंग कमी झालं व्हतं." सरूबाईंचा आवाज बारीक झाला. "लग्नात कुणी सांगतं व्हय असलं?"

तनुजानं डॉक्टरांचं सगळं सांगितलं. कपाळामागचा भाग, सुटलेला हात, शिवी, गोळ्या. ती शिकवताना सांगते तसं सावकाश सांगत होती. गोकुळ ऐकत राहिला. फीत त्यानं पुन्हा लावली, मग बंद केली.

"म्हंजी माझ्यापासून गेलं तिला."

"तुमच्या हातात नव्हतं ते."

"आन् तुला मारायचो, तेबी हेच?"

"हेच."

तो जपून, एखादी चूक दाखवून द्यावी तसं, म्हणाला, "पन तू तर म्हणली व्हतीस मी जागा व्हतो. तवर मला वाटायचं झोपंत व्हत असंल कायतरी. तू म्हणलीस जागा, तवा म्हणलं मंग आपल्यातच वाईट हाय. आपल्यालाच कळंना असं वाईट."

रस्त्यावरून एक जीप भोंगा वाजवत गेली. तनुजानं ती जाईपर्यंत वाट पाहिली.

"त्यात डोळे उघडे असतात," ती म्हणाली. "बघणाऱ्याला माणूस जागाच वाटतो. डॉक्टर म्हणाल्या."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

गोकुळच्या खांद्यातला ताण उतरला. तो चक्क हसला. "व्हय का? मंग तुझीबी चूक नाय त्यात. मला लई वाटायचं, आपल्यापायी तुला असं कागदावर सांगावं लागलं."

तनुजा बाकावरच्या तारेच्या वेटोळ्याकडं बघत राहिली. तिनं पुढच्या गुरुवारची वेळ सांगितली, दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.

सरूबाई तिला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. "थोरल्याच्या घरी जागा हाय, पन हा दुकानातच झोपतो," त्या म्हणाल्या. "बाहेरून कुलूप लावाया सांगतो शेजारच्याला. पुतण्याच्या लग्नातबी राहिला नाय. म्हणतो, माझा काय भरोसा. आता उघडंल ना गं ते कुलूप?"

"उघडेल, आई," तनुजा म्हणाली.

गुरुवारी गोकुळ वेळेच्या तासभर आधी येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, नुकती केलेली दाढी. श्रेयाला बघून तो उठला, काय करावं ते न सुचून पुन्हा बसला, आणि मधे दोन खुर्च्या सोडून बसायला तिला खूण केली.

श्रेयानं त्या दोन खुर्च्यांकडं पाहिलं आणि खूण केली तिथंच बसली.

"तुम्हालापण असं होतं?"

"व्हय."

"आधी भीती वाटते?"

"लई. मानसानं विहिरीत पडावं तशी."

"हो!" श्रेया पुढं झुकली. "आणि मग सगळे विचारतात कशाची भीती. कशाचीच नाही ना? नुसतीच असते."

"नुसतीच असती," गोकुळ म्हणाला.

श्रेया उठली आणि मधली एक खुर्ची ओलांडून बसली. ती बोलतच राहिली: बसमधली मुलगी, कंपासपेटी, एकवीस चकत्या. गोकुळ हात मांड्यांखाली घालून ऐकत होता. नर्सनं नाव पुकारलं तेव्हा तनुजालाच उठावंसं वाटेना.

श्रेया बाहेर थांबली. आत डॉक्टर अमृतांनी गोकुळला वय, काम, लहानपणचं सगळं विचारलं. मग त्या तनुजाकडं वळल्या.

"आता तुम्ही सांगा. हे झोपेत व्हायचं की जागेपणी? डोळ्यांवरून नका सांगू. त्याआधी पाच-दहा मिनिटं काय चाललेलं असायचं ते आठवा. बोलत होते का, चालत होते का."

तनुजा काही बोलायच्या आधी गोकुळच म्हणाला, "जास्त करून झोपंत, मॅडम. पन एकदा जागेपणीबी झालतं. लेकरू पडलं तवा. हिनं पाह्यलंय."

डॉक्टरांचे हात कळफलकावर थांबले. "हे महत्त्वाचं आहे. जागेपणी झालं असेल तर मला वेगळा विचार करावा लागेल. आणखी तपासण्या, कदाचित औषधही वेगळं." त्यांनी तनुजाकडं पाहिलं. "जागे होते ते त्या वेळी?"

खोलीत पंखा फिरत होता. गोकुळ तिच्याकडं बघत होता, मदतीला आल्यासारखा. आपण तिची बाजू बरोबर मांडली, अशी त्याची समजूत होती.

"नाही," तनुजा म्हणाली. "झोपेत होते."

"तुला आठवत नसंल," गोकुळ म्हणाला. "तू तिथं सांगितलं व्हतंस..."

"घोरत होते तुम्ही. मी जागी होते, श्रेयाला खोकला होता म्हणून. घोरता घोरता सुरू झालं."

"नक्की?" डॉक्टरांनी विचारलं. "इतक्या वर्षांनी..."

"नक्की. प्रत्येक वेळी झोपेतच. मला तेव्हाही माहीत होतं."

डॉक्टरांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी डोळे पडद्याकडं वळवले आणि टंकलं. कळांचा आवाज थोडा वेळ येत राहिला. पुढं त्यांनी गोळ्या कशा घ्यायच्या, किती दिवसांनी वाढवायच्या, उंचावर चढायचं नाही, जागरण करायचं नाही, हे सांगितलं. गोकुळ प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. चिठ्ठी त्यानं घडी घालून खिशात ठेवली, परत काढली, परत ठेवली.

बाहेर आल्यावर श्रेया दिसली नाही. ती रक्त तपासायला खाली गेली होती. जिन्याच्या वळणावर गोकुळ थांबला. कठड्याला धरून उभा राहिला.

"मला भीती होती," तनुजा म्हणाली. "तेव्हा झोपेत म्हटलं असतं तर परत पाठवलं असतं. मी..."

"भीती असंलच की. लेकराला लागलं व्हतं." त्याचा आवाज चढला नाही. "निघून गेलीस ते बराबरच केलंस. मी काय तुला थांब म्हणलो नसतो." त्यानं कठड्यावरून हात काढला. "पन मला तरी सांगायचं. एकट्याला. नंतर कवातरी."

तो एक पायरी उतरला आणि वळला.

"पोरीला हे सांगू नको," तो म्हणाला. "तिला घरात एक तरी मानूस पायजे, जे म्हणंल ते खरं वाटंल असं."

खालून श्रेयाची हाक आली. कोपराशी कापूस दाबून धरत ती वर बघत होती. "बाबा! झालं? आज राहणार ना?"

पहिल्यांदाच तिनं ती हाक मारली होती. गोकुळ भराभर पायऱ्या उतरला. "नाय गं, लोकांच्या मोटारी पडल्यात. पानी द्यायचंय त्यास्नी."

"मग मी रिक्षापर्यंत येते."

तनुजा जिन्यातल्या खिडकीशी उभी राहिली. दोघं फाटकातून बाहेर पडताना दिसले. श्रेया हातवारे करून काही सांगत होती. ती जवळ सरकली की तो थोडा बाजूला होत होता. एक-दोनदा असं झाल्यावर तो बाजूला व्हायचा थांबला. रिक्षाजवळ दोघं बराच वेळ बोलत उभे होते. एकदा त्यानं डोळे पुसले, की घाम पुसला, ते वरून कळलं नाही. रिक्षात बसताना त्यानं वर पाहिलं नाही.

श्रेया धावतच परत आली. तिला धाप लागली होती आणि ती हसत होती.

"आई, बाबा म्हणाले, गोळ्या लागू पडल्या की सुट्टीत कन्नडला ये. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, तिला मला बघायचंय. ते स्वतः न्यायला येणार आहेत स्टँडवर."

"बरं."

"तू नाही आलीस तरी चालेल म्हणाले." श्रेया जिन्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधू लागली. "म्हणाले, आईला उगाच हेलपाटा नको."

तनुजा तिच्या शेजारी बसली. श्रेयाला नाडी बांधायला एक हात पुरत नव्हता. कापूस सुटेल म्हणून दुसरा हात ती वाकवून धरत होती. तनुजानं तिच्या हातातून नाडी घेतली आणि गाठ मारली.

"कन्नडला गाड्या पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "खिडकीजवळ बस म्हणजे झालं."